व्हाउचरवर सही केली म्हणजे आवाज विकला असं होत नाही

मागच्या वर्षी द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या हंगामात तासगाव तालुक्यातल्या एका बागायतदार दादांचा फोन आला. त्यांच्या गावच्या मेळाव्यात मी एकदा निवेदन केलं होतं, तेव्हापासून माझा नंबर त्यांच्याकडे आहे. म्हणाले, "ताई, त्या व्हिडिओत तुमी डाऊनीचं औषध सांगितलंय, त्याचं पाण्याचं प्रमाण बरोबर हाय न्हवं? पोरगं म्हणतंय लई जास्त हाय." जाहिरातींना आवाज देणं हे माझं काम, पण डाऊनीच्या, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या, औषधावर मी त्या हंगामात काहीच रेकॉर्ड केलं नव्हतं. व्हिडिओ पाठवा म्हटलं. आला, लावला. आवाज माझाच होता, वाक्यं मी कधी उच्चारलेली नव्हती.

पहिलं मिनिटभर तर मलाच वाटलं, जुनं काही असेल, विसरले असेन. जाहिरातीत वाक्य संपवताना शेवटच्या शब्दावर मी थोडा दाब देते, तोसुद्धा जसाच्या तसा होता. मग खताचा विषय निघाला आणि १२:६१:०० हे 'बारा वाजून एकसष्ठ मिनिटं' असं वाचलं गेलं. आपल्याकडे बागेत शाळकरी पोरसुद्धा 'बारा एकसष्ठ' म्हणतं. पुढे 'ता. तासगाव' आलं, तेही 'ता तासगाव' असंच. आणि श्वास नव्हता. मी गावाचं किंवा माणसाचं नाव घेण्याआधी श्वास घेते, म्हणजे नाव स्वच्छ पडतं. आकाशवाणी सांगलीवर नैमित्तिक निवेदक होते तेव्हा मोठ्या माणसांनी लावलेली ही सवय आहे. त्या व्हिडिओतली बाई पाच-पाच गावांची नावं एका दमात म्हणत होती.

दादांना सांगितलं, हे मी बोललेले नाही, बाटलीवरचं लेबल बघा, कृषी सहायकांना विचारा आणि तोवर फवारू नका. त्यांनी ऐकलं. पण तो व्हिडिओ ज्या ज्या ग्रुपवर गेला असेल तिथल्या प्रत्येकाला मी कुठून गाठणार? डाऊनी एकदा घडात शिरली की वर्षाचं पीक जातं. माणूस घाबरलेला असतो आणि ओळखीच्या आवाजावर विश्वास ठेवतो. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

व्हिडिओ एका औषध-खताच्या दुकानाचा. त्यांच्यासाठी मी आधी बरंच काम केलं होतं. मालकांना फोन केला. ते वाईट माणूस नाहीत, उलट सरळ बोलले. "ताई, आपल्याकडं तुमच्या जुन्या फायली होत्याच की. आता ते एआयवर टाकलं की नुसतं टाइप करायचं, आवाज तयार. सारखं सारखं तुम्हाला मिरजेला पळवायचं कशाला?" मी म्हटलं, विचारायचं तरी. तर म्हणाले, "पैसे दिलेत की तुम्हाला. व्हाउचरवर सही हाय तुमची."

व्हाउचर मी मागवून घेतलं. त्यावर 'व्हॉइस ओव्हर चार्जेस', रक्कम, तारीख आणि खाली माझी सही. एवढंच. आमच्या जिल्ह्यात आवाजाचं काम असंच चालतं. साडीच्या सेलची जीप असो, पतसंस्थेच्या फोनवरचं 'मराठीसाठी एक दाबा' असो, नगरपालिकेची घंटागाडी असो, कागद कधी होत नाही. विश्वासावर होतं आणि आजवर त्यात कुणाचं बिघडलंही नाही, कारण रेकॉर्ड केलेलं वाक्य तेच वाक्य म्हणायचं. सेल संपला की जाहिरात संपायची. माझ्या जुन्या फायलीतून माझ्याच आवाजात नवीन वाक्य निघेल, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

माझी भाची सांगलीच्या कोर्टात वकिली करते. तिच्यासमोर बसून मी कायदा समजून घेतला. तो इथे लिहिते, कारण माझ्यासारख्या अनेकांना हे कुणी सांगितलेलंच नाही.

१९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात एका जाहिरातीत तीन वेगळे हक्क असतात. मजकूर लिहिणाऱ्याचा एक. ध्वनिमुद्रण करून घेणाऱ्याचा, म्हणजे पैसे घालणाऱ्या निर्मात्याचा दुसरा. आणि सादर करणाऱ्याचा तिसरा. मी निर्माती नाही, लेखिकाही नाही, पण सादरकर्ती आहे. कायद्यात सादरकर्त्याची व्याख्या वाचताना मला फार बरं वाटलं. तिथे अभिनेता, गायक, वादक, नर्तक आहेत, कसरत करणारा आहे, जादूगार आहे, व्याख्यान देणारा आहे, आणि चक्क गारुडीसुद्धा आहे. नागपंचमीसाठी नावाजलेल्या बत्तीस शिराळ्याच्या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला हे वाचून आपलं वाटणारच. शेवटी म्हटलंय, सादरीकरण करणारी इतर कोणतीही व्यक्ती. म्हणजे जीपवर वाजणारा आवाजही यात येतो, असं भाचीचं म्हणणं आणि माझंही.

२०१२ च्या दुरुस्तीने या सादरकर्त्याचे हक्क पक्के केले. माझ्या सादरीकरणाचं ध्वनिमुद्रण करणं, त्याच्या प्रती काढणं, ते इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणं, लोकांपर्यंत पोचवणं, हे माझ्या परवानगीने व्हायला हवं. सादरकर्त्याचा नैतिक हक्कही आला: नाव लागण्याचा, आणि प्रतिष्ठेला धक्का लागेल अशी मोडतोड थांबवण्याचा. हक्काची मुदत सादरीकरणाच्या पुढच्या वर्षापासून ५० वर्षं. म्हणजे २०१५ साली मी बोललेल्या जाहिरातीवरचा माझा हक्क २०६५ च्या डिसेंबरअखेर टिकणार. तेव्हा मी नसेन, माझी मुलगी असेल.

आता व्हाउचरचं बघा. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, सही लागते. कोणतं काम, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या भागात, हे त्यात लिहावं लागतं. काळ लिहिला नसेल तर कायदा तो पाच वर्षं धरतो. भाग लिहिला नसेल तर भारतापुरता धरतो. दिलेला हक्क एका वर्षात वापरलाच नाही, तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास तो परत येतो. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची ओळ: करार झाला तेव्हा जे माध्यम किंवा वापराची जी पद्धत अस्तित्वातच नव्हती, किंवा व्यवहारात आली नव्हती, ती करारात स्पष्ट लिहिल्याशिवाय देऊन टाकली असं होत नाही. हे नियम पुस्तकाच्या लेखकाला जसे लागू तसेच सादरकर्त्यालाही लागू केलेले आहेत. माझ्या जुन्या फायलींच्या वेळी आवाजाची नक्कल करणारं यंत्र आमच्या व्यवहारात कुठे होतं? 'व्हॉइस ओव्हर चार्जेस' या तीन शब्दांत ते कसं बसेल?

इथवर सगळं माझ्या बाजूने वाटतं. पण भाचीने तिथेच थांबवलं. म्हणाली, "मावशी, त्यांनी तुझी जुनी फाईल यंत्रात घातली, ती प्रत झाली, त्यावर आपण बोलू शकतो. पण बाहेर आलं ते वाक्य तू कधी बोललीच नाहीस. ते तुझं सादरीकरण नाही. कॉपीराइट कामाला असतो, गळ्याला नाही."

हा खरा पेच आहे आणि तो फक्त आपल्याकडचा नाही. न्यूयॉर्कमध्ये दोन व्हॉइस कलाकारांनी २०२४ साली एआयचे आवाज विकणाऱ्या लोवो नावाच्या कंपनीवर दावा लावला. छोट्या कामासाठी म्हणून त्यांच्याकडून ध्वनिमुद्रणं घेतली होती, आणि पुढे गाडीत पॉडकास्ट ऐकताना त्यातला एक आवाज त्यांच्यातल्याच एकाचा असल्याचं कळलं. जुलै २०२५ मध्ये न्यायाधीशांनी कॉपीराइटच्या अंगाने त्यांचा बराचसा दावा काढून टाकला, नुसत्या आवाजाच्या पोताला कॉपीराइट नसतो म्हणून. पण तिथल्या राज्याच्या नागरी हक्क कायद्याखाली आणि कराराच्या मुद्द्यावर दावा पुढे चालू ठेवला. शेवटी त्यांच्याही कामी आला तो कागदच.

आपल्याकडे आवाजाला संरक्षण मिळालंय ते दुसऱ्या वाटेने, व्यक्तिमत्त्वाच्या हक्काने, म्हणजे आपलं नाव, चेहरा, आवाज कुणी वापरायचा हे आपण ठरवण्याच्या हक्काने. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजीत सिंग यांच्या आवाजाची एआयने नक्कल करणाऱ्यांना रोखलं. मग २०२५ साली आशा भोसले यांना त्याच न्यायालयात जावं लागलं आणि त्यांनाही तसाच दिलासा मिळाला. आशाताईंचा जन्म सांगलीचा, १९३३ चा. त्या आवाजाने इतक्या पिढ्या वाढवल्या, आणि तरी तो आपला आहे हे नव्वदी ओलांडल्यावर कोर्टात सांगावं लागलं, याचा मला राग येतो. पण ते आदेश वाचताना हेही दिसतं की न्यायालय बोलतंय ते प्रसिद्ध माणसाबद्दल. आवाजाला बाजारात किंमत आहे कारण त्यामागे नाव आहे.

माझ्यामागे नाव नाही. आटपाडीपासून शिराळ्यापर्यंत माझा आवाज हजारो लोकांच्या कानावरून गेलाय, त्यातल्या कुणाला मी रस्त्यात दिसले तर ओळखू येणार नाही. मग व्यक्तिमत्त्व कुणाचं? यावर उत्तर मला दुकानाच्या मालकांनीच दिलं होतं, त्यांच्याही लक्षात न येता. मी विचारलं, एआयमध्ये तयार आवाज फुकट मिळतात, मग माझाच का बनवला? तर म्हणाले, "शेतकऱ्यांच्या कानाला तुमचा आवाज ओळखीचा हाय ताई. दुसऱ्या बाईचं कोण ऐकतंय?" हेच तर मी कोर्टात सांगेन. चेहरा ठाऊक नसला तरी ओळख आहे, त्या ओळखीवर माल विकला जातोय, आणि ती ओळख मी कमावलेली आहे. तालुक्यापुरती ओळख ही ओळखच असते. हा मुद्दा न्यायालयाने कधीतरी ऐकावा अशी माझी फार इच्छा आहे.

हे सगळं बोलले की कुणी ना कुणी म्हणतं, माणूससुद्धा ऐकूनच शिकतो. तुम्ही नाही का रेडिओवरच्या जुन्या निवेदिकांचं ऐकून शिकलात? शिकले. पण माझ्याशी वाद घालणाऱ्यांनी एकदा मिरजेला यावं. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ साली गेले, ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, आणि उरुसात आजही तिथे मोठमोठे गवई हजेरी लावतात. पैशासाठी कुणी येत नाही. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, सवाई गंधर्वांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी, आणि भीमसेनजींनी १९५३ पासून पुण्यात गुरूच्या नावाने महोत्सव भरवला, स्वतःच्या नाही. आमच्याकडे गवई गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो. शिकणं म्हणजे काय ते त्या एका हालचालीत आहे. कुणाकडून घेतलं हे तो चारचौघांत सांगतो, गुरूने दिलं म्हणून घेतलं हे सांगतो, आणि चुकलो तर दोष माझा, हेही त्यातच येतं.

यंत्र कुणाचं नाव घेत नाही. आणि चुकलं तर दोष कुणाचा? त्या डाऊनीच्या प्रमाणाचा जाब दादांनी यंत्राला विचारला नाही, मला विचारला. माझ्या आवाजात जे जे बोललं जाईल त्याचा हिशोब लोक माझ्याकडेच मागणार. ज्याची जबाबदारी माझी, ते बोलायचं की नाही हे ठरवण्याचा हक्कही माझाच पाहिजे. माझं सगळं म्हणणं एवढ्यावर उभं आहे, पैशाचा विषय त्याच्या मागून येतो.

म्हणून केंद्राच्या समितीचा प्रस्ताव वाचून मी अस्वस्थ झाले. उद्योग प्रोत्साहन आणि अंतर्गत व्यापार विभागाने एआय आणि कॉपीराइटवर नेमलेल्या समितीच्या कार्यपत्राचा पहिला भाग डिसेंबर २०२५ मध्ये आला. एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयवर, आपल्या बातम्या यंत्र शिकवायला वापरल्या म्हणून, दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावल्यापासून हा प्रश्न तापलेलाच होता. समिती म्हणते, कायदेशीर मार्गाने मिळालेलं कोणतंही काम एआय कंपन्यांनी यंत्र शिकवायला वापरावं, त्यासाठी सक्तीचा सरसकट परवाना असावा, कंपन्यांनी कमाईतून रॉयल्टी द्यावी, आणि एका मध्यवर्ती संस्थेने ती गोळा करून वाटावी. निर्मात्याला 'नको' म्हणण्याची सोय त्यात नाही.

रॉयल्टीचा विचार झाला हे चांगलंच आहे. गावाकडच्या लेखकाला अमेरिकेतल्या कंपनीशी स्वतः भांडता येत नाही, हे समितीला कळलंय. पण सक्तीचा परवाना म्हणजे मालकाला न विचारता घरात भाडेकरू घालणं आणि भाडं महिन्याच्या महिन्याला मिळेल असं सांगणं. आणि भाडं तरी मला मिळणार का? ध्वनिमुद्रणाचा मालक दुकान. यादीत नाव लागलं तर दुकानाचं लागेल. गायक-वादकांची इसाम्रा (आधीची इस्रा) नावाची नोंदणीकृत संस्था आहे, ती त्यांच्यासाठी रॉयल्टी गोळा करते. घंटागाडीच्या आवाजाचं नाव कोणत्या यादीत शोधणार? व्यापारी वापरात सादरकर्त्याला रॉयल्टीचा हक्क आहे असं कायदा आजही म्हणतो. मग प्रस्तावाच्या पुढच्या मसुद्यात सादरकर्त्याचा वाटा वेगळा लिहावा, आणि निदान आवाज आणि चेहरा या दोन गोष्टींत तरी नकार देण्याचा हक्क ठेवावा. मजकुराची गोष्ट वेगळी असेल, त्यावर लेखक बोलतील.

मी एआयच्या विरोधात नाही, हे मनापासून सांगते. ज्यांचा आवाज आजाराने जाणार आहे अशी माणसं आधीच आपला आवाज साठवून ठेवतात आणि नंतर यंत्रातून आपल्याच आवाजात घरच्यांशी बोलतात. याहून चांगलं काम त्या तंत्राचं काय असेल? अंधांसाठीच्या पुस्तकांना माझा आवाज कुणी मागितला तर मी आनंदाने देईन, यंत्राने वाचला तरी. फक्त मागावा.

दुकानाला आम्ही नोटीस न पाठवता आधी साधं पत्र पाठवलं. भाचीचा सल्ला, आणि तो बरोबर होता. व्हिडिओ उतरला, ग्रुपवर दुरुस्तीचा निरोप गेला, मालकांनी स्वतःच्या सहीने लिहून दिलं की तयार केलेला आवाज काढून टाकलाय. ज्या कंपनीच्या सेवेवर तो बनवला तिच्याकडे माझ्या फायलींचं काय झालं, ते त्यांना सांगता येत नाही आणि मला तपासता येत नाही. ती गोष्ट तशीच लोंबकळत आहे. काम मात्र त्यांचं मी पुन्हा करते, कागद करून.

तो कागद एका पानाचा आहे, मराठीत. कोणता मजकूर, कुठे वाजणार, किती महिने, किती पैसे. त्याखाली स्वतंत्र ओळ: हे ध्वनिमुद्रण एआय शिकवण्यासाठी किंवा आवाजाची नक्कल बनवण्यासाठी वापरायचं नाही, तिसऱ्याला त्यासाठी द्यायचं नाही. तसं हवं असेल तर वेगळा करार, वेगळा दर, आणि बनवलेल्या आवाजात जे बोललं जाईल तो प्रत्येक मजकूर आधी मला दाखवायचा. औषध, खत, आरोग्य आणि निवडणूक या चार विषयांत नक्कल नाहीच. काही गिऱ्हाइकं कागद बघून कपाळाला आठ्या घालतात. बहुतेक जण वाचतात आणि सही करतात, कारण आजवर त्यांना कुणी हे विचारलंच नव्हतं.

मिरजेच्या स्टुडिओतल्या रेकॉर्डिस्ट पोराने स्वतःहून आणखी एक गोष्ट सुरू केली. आमचा स्टुडिओ म्हणजे दाराला घोंगडी लावलेली खोली. पंखा बंद करून बोलायचं आणि जंक्शनवरून गाडीचा हॉर्न आला की तो टेक सोडून द्यायचा. तिथला कोरा आवाज, संगीत नसलेला, आधी तो गिऱ्हाइकाला पेन ड्राइव्हवर देऊन टाकायचा. नक्कल करायला असाच आवाज सगळ्यात सोयीचा. आता तो फक्त संगीतावर बसवलेली तयार फाईल देतो, कोरी फाईल स्वतःकडे तारखेसह ठेवतो. म्हणाला, "काकू, उद्या भांडायची वेळ आली तर मूळ कुणाचं ते दाखवायला पाहिजे न्हवं?"

पुढच्या महिन्यात सांगली, मिरज, कराड, विट्याकडचे आम्ही काही जण एकत्र बसणार आहोत. नकलेचा दर ठरवायचा आहे. आमच्यातले एक ज्येष्ठ निवेदक वारले, त्यांच्या कॅसेट घरी आहेत आणि त्यांच्या आवाजात एका समारंभाचं निवेदन बनवून द्या अशी मागणी त्यांच्या मुलाकडे आलीय, त्यावरही बोलायचं आहे. मुलगा म्हणतो, बाबांनी हो म्हटलं असतं की नाही हे मला ठरवता येत नाही. मला वाटतं, ठरवता येत नसेल तर देऊ नये, पण बाकीच्यांचं ऐकायचं आहे. कराराचा मसुदा ज्यांना हवा त्यांनी मागून घ्या, आपलं नाव घाला, दर आपला घाला, आणि सही करण्याआधी एकदा जवळच्या वकिलाच्या नजरेखालून काढा.